परदेशी पार्लरची पायरी चढण्यापूर्वी

सांगलीत विश्रामबाग भागात माझे पार्लर आहे आणि मार्च उजाडला की एका ठरावीक प्रकारच्या गिऱ्हाइकांची ये-जा वाढते. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेल्या काकू, नवऱ्याच्या नोकरीमुळे पहिल्यांदाच दुबईला जाणारी तासगावची नवी सून, युरोपची सहल ठरवलेले मिरजेचे जोडपे, असे सगळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात येतात, आयब्रो, वॅक्स, रूट टच-अप एकदम उरकून घेतात आणि खुर्चीतून उठताना विचारतात, "ताई, तिकडे गेल्यावर काय करायचे?" दहा दिवसांच्या सहलीत या प्रश्नाचे ओझे नसते. मुक्काम महिन्याहून मोठा असला की मात्र तो टळत नाही, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि रंगवलेल्या केसांखालची पांढरी मुळे तेवढ्यात स्पष्ट दिसू लागतात.

माझ्याकडे तुम्ही बसता आणि "नेहमीसारखे करा" एवढेच म्हणता. तुम्हाला कोणता रंग लागला आहे, कोणत्या ब्लीचने चेहरा लाल झाला होता, वरच्या ओठाला वॅक्सची पट्टी सोसत नाही, हे सगळे माझ्या डोक्यात असते. तुम्हाला ते स्वतःलाही आठवत नाही, कारण आठवण्याची गरजच पडलेली नसते. परदेशातल्या खुर्चीत हे "नेहमीसारखे" चालत नाही, आणि तिथली भाषा उत्तम येत असली तरी चालत नाही. त्यामुळे पहिली तयारी इथेच, आपल्या पार्लरमध्ये करायची आहे.

निघण्यापूर्वी: आपल्या केसांचा आणि त्वचेचा कागद

आपल्या पार्लरवाल्या ताईंना सांगून एक कागद लिहून घ्यावा. गेल्या वर्षी एका काकूंसाठी मी लिहिलेला मजकूर असा होता: "केस सरळ, जाड, मूळचे काळे, निम्म्याहून अधिक पांढरे. चार वर्षे दर पाच आठवड्यांनी मेंदी आणि त्यावर नीळ (इंडिगो पावडर). दोन वर्षांपूर्वी खांद्याखालच्या केसांना स्मूदनिंग. रासायनिक रंग कधीही नाही. वरच्या ओठाला वॅक्स नको, दोरा चालतो. मधुमेहाची गोळी चालू आहे." काकूंच्या मुलीने त्याचे इंग्रजी करून फोनमध्ये ठेवले. जर्मनी, जपान किंवा तुर्कस्तानला जाणाऱ्यांनी तेथील भाषेतही एक प्रत करून घ्यावी. भाषांतराच्या अ‍ॅपला लहान, सुटसुटीत वाक्ये दिली तर ते चुका कमी करते.

या कागदातली प्रत्येक ओळ कामाची आहे. मेंदीवर नीळ लावलेल्या केसांवर ब्लीच केले तर केस हिरवट होऊ शकतात. बाजारातील काही पाकिटबंद मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यांची रंगातल्या किंवा ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तेथील कारागिराला तुमचे केस नुसते काळेभोर दिसतात, आणि मेंदी लावलेले डोके तिने पूर्वी कधी हाताळले असेलच असे नाही. स्मूदनिंग किंवा केराटिन झालेल्या केसांचेही तसेच आहे. एकदा रसायनाने सरळ केलेल्या केसावर जोरकस ब्लीच चढवले तर केस रबरासारखा ताणला जातो आणि मध्येच तुटतो.

रासायनिक रंग लावत असाल तर त्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि डब्याचा फोटो काढून ठेवावा. बहुतेक कंपन्यांच्या रंगांत पहिला आकडा रंगाची गडदता दाखवतो: १ म्हणजे काळा, ४ म्हणजे मध्यम तपकिरी, १० म्हणजे अतिशय फिका सोनेरी. दशांशानंतरचा आकडा छटेचा असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो, म्हणून नुसता आकडा पुरत नाही, कंपनीचे नावही लागते. सोबत डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण, किती ताकदीचा वापरला तेही लिहावे. त्यात १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के. हे आकडे सर्वत्र सारखे असल्यामुळे भाषेची अडचण येथे फारशी राहत नाही.

यानंतरचा विषय अ‍ॅलर्जीचा, आणि तो गंभीर आहे. गडद केशरंगांपैकी अनेकांत पीपीडी (पॅराफेनिलीनडायामीन) हा रासायनिक घटक असतो. आपल्याकडे "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या अनेक पाकिटांतही तो असतो, पण पाकिटावर पानाचे चित्र असल्यामुळे लावणाऱ्याला आपण झाडपाल्याचेच काही लावतो आहोत असे वाटत राहते. "मी कधीच डाय लावत नाही, फक्त काळी मेंदी लावते," असे माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. काळ्या मेंदीने कधी कानामागे खाज आली असेल, पापण्या सुजल्या असतील, तर ती गोष्ट कागदावर ठळक लिहावी. ब्रिटनमधील बहुतेक सलून रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर रंग लावून पाहतात आणि ही चाचणी केलेली नसेल तर रंग लावण्यास चक्क नकार देतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. मात्र शनिवारी लग्न असेल तर शुक्रवारी जाऊन भागणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

औषधांचाही उल्लेख हवा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काळात आणि त्या थांबवल्यानंतर किमान सहा महिने वॅक्सिंग टाळायचे असते, कारण पट्टीबरोबर कातडीचा वरचा थरही निघून येतो. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन अशी मलमे वापरणाऱ्यांनीही चेहऱ्याला वॅक्स लावून घेऊ नये. मैत्रिणीने सांगितले म्हणून अशी मलमे लावणाऱ्या मुली पुष्कळ आहेत आणि "औषध काही चालू नाही ना?" असे विचारले की त्या नाही म्हणतात, मलम हेही औषधच, हे त्यांच्या गावीही नसते. मधुमेह किंवा रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर पेडिक्युअर करणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे.

सामानाबद्दल थोडेसे. थ्रेडिंगच्या दोऱ्याचे एक रीळ, प्लकर आणि स्वतःचा नेलकटर न्यावा. कात्री आणि ब्लेड केबिन बॅगेत ठेवू नये. तेल, क्रीम आणि वॅक्सच्या डबीलाही १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होते, म्हणून ते मोठ्या बॅगेत टाकावे. आणि एक घरगुती सूचना: जाण्याआधी चार दिवस ओल्या हळदीचे लेप लावू नयेत. हळदीच्या गावचे आपण लोक, आपल्याला पिवळ्या बोटांचे काही वाटत नाही, पण तिथले टॉवेल पांढरेशुभ्र असतात.

सलून निवडणे आणि वेळ घेणे

आपल्याकडे सरळ जाऊन बाकावर बसता येते. परदेशात बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, काही सलून आगाऊ रक्कम घेतात आणि २४ किंवा ४८ तास आधी न कळवता वेळ चुकवली तर दंड आकारतात. वेळ घेताना काय करून घ्यायचे ते नेमके सांगावे, कारण त्यावरच खुर्ची किती वेळ राखायची हे ठरते. कापायला आलेल्या बाईने "जरा रूटही करा" म्हटले तर आपल्याकडे होऊन जाते, तिकडे पुढचे गिऱ्हाईक दारात उभे असते.

बंद असण्याचे दिवसही विचारून घ्यावेत. आपल्याकडे अनेक गावांत केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. गंमत अशी की जर्मनीतही रविवारबरोबर सोमवारी बंद असणारी सलून पुष्कळ आहेत. टोकियोकडे अनेक सलून मंगळवारी बंद असतात, ओसाकाकडे सोमवारी. आखाती देशांत रमजानच्या महिन्यात दुपारी शुकशुकाट आणि रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, आणि ईदच्या आदल्या दिवशी तर आपल्या दिवाळीच्या आदल्या दिवसाची आठवण होते.

कारागीर शिकलेला आहे की नाही हे ओळखण्याची रीत देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत राज्याचा परवाना लागतो आणि तो बहुधा दर्शनी भागी लावलेला असतो; तो शोधून पाहण्यात संकोच करू नये. ब्रिटनमध्ये केस कापण्यासाठी परवान्याची सक्ती नाही, १९६४ च्या कायद्याने केलेली नोंदणीही ऐच्छिक आहे, त्यामुळे तिथे ओळखीच्यांचा अनुभव विचारणे अधिक उपयोगी पडते. जपानमध्ये न्हावी आणि केशरचनाकार यांचे कायदेच निराळे आहेत, पहिला १९४७ चा आणि दुसरा १९५७ चा, आणि वस्तऱ्याने चेहऱ्यावरची लव काढणे हे न्हाव्याचे काम मानले जाते. म्हणून तिथल्या बायकाही त्या कामासाठी न्हाव्याच्या दुकानात जातात.

दरपत्रक वाचताना दराआधी "पासून" अशा अर्थाचा शब्द आहे का ते पाहावे. लांब आणि दाट केसांना जास्त पैसे लागतात आणि आपल्या बहुतेक बायका त्याच वर्गात मोडतात. त्याच कटाचा दर शिकाऊ, अनुभवी आणि मुख्य कारागिरासाठी वेगवेगळा असतो. धुणे आणि ब्लो-ड्राय दरात धरले आहे की नाही तेही आधीच विचारावे. सुरुवातीला एकूण आकडा विचारणे हे चिकटपणाचे लक्षण नाही, तिथले लोकही विचारतात.

खुर्चीत बसल्यावर

डोक्याला तेल लावून जाऊ नये. बाकी यू कट, स्टेप कट ही आपली नावे तिकडे कुणाला कळतील असे धरून चालू नका. फोटो दाखवावा, आणि तोही स्वतःच्याच केसांचा असेल तर उत्तम. मागून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो आपल्याकडचा कट झाला की लगेच काढून ठेवावेत.

लांबी सांगताना मी स्वतः फसले आहे. मुलाकडे जर्मनीत गेले असताना एका सलूनमध्ये मी केस पुढे घेतले, टोकापासून चार बोटे वर पकडले आणि खालचा भाग दाखवून "थोडेसेच" अशी खूण केली. मला म्हणायचे होते की या चार बोटांतले थोडेसे काढा. तिने माझी बोटे जिथे होती तिथे कात्री लावली. चूक तिची म्हणता येणार नाही. तिच्या दृष्टीने मी कापण्याची रेघच दाखवली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की कापायचा भाग दाखवू नका, कापून झाल्यावर केस जिथपर्यंत यायला हवेत ती जागा अंगावर दाखवा, म्हणजे खांद्याच्या हाडावर किंवा ब्लाउजच्या गळ्यावर बोट ठेवा, आणि मग पहिली कात्री लागण्यापूर्वी तिला तिच्या कंगव्याने तीच जागा दाखवायला लावा. दोघींची बोटे एका ठिकाणी आली की मगच मान हलवावी. केस कुरळे किंवा लहरी असतील तर ओले असताना ते लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, तेवढी सूट ठेवावी.

"फक्त टोके" एवढे तरी तिथल्या भाषेत पाठ करावे. स्पॅनिशमध्ये "सोलो लास पुंतास", फ्रेंचमध्ये "ज्युस्त ले प्वांत", जर्मनमध्ये "नुर दी श्पित्सेन". जपानमध्ये "सुकोशी दाके", म्हणजे "थोडेसेच", पुरते. पुरुषांचे काम सोपे आहे, कारण मशीनचे क्रमांक जवळपास सगळीकडे तेच असतात: १ म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ४ म्हणजे सुमारे १३. दाढी करून घेताना ब्लेड आपल्यासमोर नवे लावायला सांगावे. ब्रिटनमधील तुर्की न्हाव्याकडे गेलात तर दाढीनंतर तो पेटता बोळा कानापाशी झरकन फिरवतो. कानावरची लव जाळण्याची ती रीत आहे, दचकून मान हलवू नये.

केस धुण्याच्या बेसिनबाबत वयस्क मंडळींना आग्रहाने सांगावेसे वाटते. मान बराच वेळ मागे ताणून राहिल्यामुळे मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम झालेल्या रुग्णांची नोंद १९९३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. असे क्वचितच घडते, तरीही ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी मानेखाली जाड टॉवेल मागावा, चक्कर किंवा मुंग्या आल्या तर लगेच उठून बसावे, किंवा घरूनच केस धुऊन जावे.

दोरा, वॅक्स आणि हमाम

भुवयांसाठी दोरा मिळेल का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. जिथे भारतीय, पाकिस्तानी, इराणी, अरब किंवा तुर्की वस्ती आहे तिथे मिळतो. लंडनमध्ये साउथॉल आणि वेम्बली, लेस्टरमधील बेलग्रेव्ह रस्ता, न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड, सिंगापूरचे लिटल इंडिया, दुबईत बर दुबई आणि करामा या भागांत शोधावा लागत नाही. जर्मनीत पाटीवर "फाडेनटेक्निक" असा शब्द पाहावा. "फाडेन" म्हणजे दोरा.

माझ्या मुलाच्या गावी अशा एका दुकानात मी गेले. तुर्की बाई होती, तिला इंग्रजी येत नव्हते आणि मला तुर्की. तिने दोऱ्याचे टोक दातांत धरले, बोटांत पीळ घातला आणि ती माझ्यावर वाकली, तशी मी सवयीने दोन्ही हात वर करून पापणी ताणून धरली. ती थबकली, हसली आणि तिच्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट करून काहीतरी म्हणाली. तिथे बसलेली तिची गिऱ्हाईकही तशीच पापणी ताणून बसली होती. आकार सांगताना मात्र मी सावध होते: तिच्याकडची पेन्सिल मागून घेऊन कुठले केस काढायचे नाहीत ते आरशात पाहून रेखून दिले. हा उपाय कुठेही करावा. बारीक झालेली भुवई भरून यायला काही आठवडे जातात आणि परदेशातले सगळे फोटो त्याच भुवयांत निघतात.

जिथे दोरा नाही तिथे वॅक्स किंवा प्लकर असतो. वॅक्स करणारी बाई एकदा वापरलेली काडी पुन्हा भांड्यात बुडवत असेल तर नम्रपणे थांबवावे. ब्रिटनमध्ये "हॉलीवूड" या नावाच्या वॅक्समध्ये गुप्तांगावरचे सगळेच केस काढतात, म्हणून दरपत्रकातले आकर्षक नाव पाहून हो म्हणू नये. अरब देशांत साखर, लिंबू आणि पाणी आटवून केलेला पाक वापरतात. आपल्या गुळाच्या पाकासारखा तो ताणला जातो आणि कोमट असल्यामुळे भाजण्याचा धोका कमी राहतो. आखातात बायकांची पार्लर वेगळी असतात, काचांना पडदे असतात आणि आत पुरुषांना प्रवेश नसतो. नवऱ्याला बाहेर थांबावे लागते, त्याची सोय आधी पाहावी.

तुर्की हमाममध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, तापलेल्या संगमरवरी ओट्यावर झोपवून "केसे" नावाच्या खरखरीत हातमोज्याने अंग घासतात. इस्तंबूलमधील चेंबरलिताश हमाम १५८४ मध्ये मिमार सिनान या वास्तुविशारदाने बांधला आणि तो पाहण्याजोगा आहे. दिवाळीच्या पहाटे आजीने उटणे लावून घासलेले ज्यांना आठवते त्यांना हे नवे वाटणार नाही. अंगावर पातळ कापड गुंडाळायला देतात, त्याखाली अंगावर काय ठेवायचे ते आधी विचारावे. वॅक्स आणि हमाम एका दिवशी करू नयेत. नुकत्याच सोललेल्या त्वचेवर ती घासणी आगीसारखी लागते.

पायांची काळजी

पेडिक्युअरच्या बाबतीत मी सर्वांत काटेकोर आहे. कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे २००० मध्ये एकाच सलूनमधील शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर महिनोन्महिने न भरणारी गळवे उठली. पाय बुडवण्याच्या फिरत्या पाण्याच्या टबांत, पाणी ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता आणि त्यात जंतू वाढले होते. तपासात असेही आढळले की ज्यांनी येण्यापूर्वी पायांचे केस वस्तऱ्याने काढले होते त्यांना धोका अधिक होता, कारण वस्तऱ्याने न दिसणारे बारीक छेद पडतात. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पायांना वस्तरा किंवा वॅक्स लावू नये, टबाऐवजी साधे घमेले किंवा प्लास्टिकचे अस्तर घातलेला टब मागावा आणि टाचा ब्लेडने खरवडू देऊ नयेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा ब्लेडला बंदीच आहे. मधुमेहींनी पायाला जखम असेल तर पेडिक्युअर करूच नये.

रस्त्यावरची काळी मेंदी

समुद्रकिनाऱ्यावर अर्ध्या तासात रंगणारी काळीकुट्ट मेंदी काढून देणारे लोक बसलेले असतात. खरी मेंदी नारिंगी ते तपकिरी रंगते आणि तिला काही तास लागतात. झटपट काळी होते ती बहुधा पीपीडीमुळे. माझ्याकडे येणारी एक मुलगी मधुचंद्राहून हातावर वेलबुट्टीच्या आकाराचे फोड घेऊन परतली. यातला खरा धोका पुढचा आहे: शरीराला एकदा पीपीडीचे वावडे जडले की ते बहुधा जन्मभर राहते आणि मग साधा केशरंगही लावता येत नाही. रंगानंतर खाज आणि लाली आली तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. डोळे किंवा ओठ सुजले, श्वास लागू लागला तर अमेरिकेत ९११ आणि युरोपात ११२ या क्रमांकावर लगेच फोन करावा.

पैसे आणि परतल्यावर

बक्षिशीची रीत जाणून घ्यावी. अमेरिकेत बिलाच्या १५ ते २० टक्के देण्याची प्रथा आहे आणि ती न दिल्यास काम आवडले नाही असा अर्थ होतो. ब्रिटनमध्ये १० टक्क्यांच्या आसपास, तेही खुशीने. जर्मनीत आकडा वरच्या बाजूला पूर्ण करून देतात. जपानमध्ये देऊच नये, दिलीत तर बाई पैसे परत करायला रस्त्यापर्यंत येईल. कार्डाच्या यंत्राने रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारले तर स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांत भरताना लावलेला दर बहुधा महाग पडतो.

तिथे रंग लावला असेल तर निघताना नळीचा किंवा डब्याचा फोटो काढावा आणि कारागिराकडून मिश्रणाचे प्रमाण त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावे, कोणत्याही भाषेत चालेल. परत आल्यावर पहिल्या भेटीला तो कागद घेऊन यावे. गेल्या वर्षीच्या त्या काकू सहा महिन्यांनी आल्या तेव्हा त्यांच्या कागदामागे "५.०, २० व्हॉल्यूम, ३५ मिनिटे, फक्त मुळांना" असे इंग्रजीत लिहिलेले होते. मेंदी बंद करून त्या रंगावर आल्या होत्या. मी मेंदीच्या पावडरचे पाकीट फोडले होते, ते बाजूला ठेवले.